पाडव्याचं पाणी

खळवाडी, नागापूरच्या पुढे, जि. अहमदनगर
१२ नोव्हेंबर १९७२

चि. रविकांत,

आशीर्वाद पाठवते आहे; घ्यायचा की परत करायचा ते तू ठरव. भाऊबीजेला पाट मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं करतात. मला भाऊ आहे, धडधाकट आहे, बडोद्यात आहे, आणि तीन आठवड्यांत त्याला बहिणीला एक कार्ड टाकावंसं वाटलेलं नाही. हे गेल्यावर आत्या म्हणाल्या होत्या, आता इंदूनं कुणाला ओवाळू नये. तेव्हा पाटावर मांडी ठोकून बसलास आणि म्हणालास, माझी बहीण मलाच ओवाळणार. तीन वर्षं बसलास. यंदा आत्यांचंच खरं झालं.

इथे मी सगळ्यांना सांगितलंय की तुला तिकडे मोठी नोकरी लागली. सरपंच आबासाहेब म्हणाले, बाई, तुमचा उजवा हातच गेला की. मी म्हटलं, डाव्या हाताची सवय करीन. सख्खा भाऊ बहिणीशी भांडून दसऱ्याचं सोनंसुद्धा न देता गेला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

आणि भांडण कशावरून, तर एका दोरीवरून! रविवार, खंडेनवमी आणि दसरा असे तीन दिवस कारखाना बंद, बोअरचा पंप बंद. बाकी लोक यंत्रांना झेंडूच्या माळा घालत होते, आणि तू गाठी मारलेली दोरी घेऊन गावच्या विहिरीच्या काठावर बसलास. मग कागदावर आकडे मांडून माझ्यासमोर आलास. पंप बंद झाला की विहिरीत पाणी चढतं, सुरू झाला की उतरतं. म्हणजे आपल्या बोअरनं गावची विहीर आटवली. म्हणजे पंप बंद करा आणि गावाला तसं सांगा. किती सोपं!

अरे, तीन वर्षं धड पाऊस नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरींनी तळ गाठलाय, त्या काय माझ्या बोअरनं? आपली बोअर एकशे ऐंशी फूट, त्यांची विहीर चाळीस फूट. जमिनीखाली कोण बघून आलंय? पुठ्ठा पाण्याशिवाय होत नाही हे तुला मी सांगायला नको. चिपाड आणि रद्दी भिजवायला पाणी, लगदा करायला पाणी. पंप थांबला की कारखाना थांबला. चौसष्ट माणसं आहेत रवि, त्यातली सव्वीस खळवाडीची. नगरातल्या दोन कारखान्यांनी निम्मी माणसं काढली. मी एकालाही काढलेलं नाही. ह्यांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून एवढंच मागितलं होतं की कारखाना हा दहा घरांचा नाही, दहा गावांचा आधार आहे, तो बंद पडू देऊ नकोस. तू तेव्हा उशाशीच होतास.

तुझा कागद मी फाडला नाही. कपाटात ठेवलाय. कुणाला दाखवणार नाही, आणि तूही कुणाला लिहू नयेस अशी माझी विनंती आहे. विनंती म्हटलंय, थोरली असून.

तब्येत सांभाळ. तिकडे भाजीत साखर घालतात म्हणे, तुझ्या पित्ताला बरं.

इंदूताई

*

खळवाडी
२० जानेवारी १९७३

चि. रविकांत,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या डब्यातून पाठवलाय. गोड बोलायची सक्ती नाही.

तुझं कार्ड पोचलं. नऊ शब्द मोजले मी. "ताई, टँकर नको. पंप बंद कर. पाणी त्यांचंच आहे." न नमस्कार, न सही. टँकरचं तुला कानिफनाथानं कळवलं असणार. तू त्याला पंप चालवायला शिकवलंस आणि वर पत्र लिहायलाही शिकवलंस, आता भोगते आहे.

ऐक तर खरं. खळवाडीच्या बाया पाण्याला दीड कोस जात होत्या. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि परत येताना डोक्यावर घागर. मला बघवेना. जुना टँकर घेतला, दुरुस्त करून रंगवला, गेल्या महिन्यापासून गावात दोन खेपा सुरू केल्या. टँकरवर "नृसिंह पुठ्ठा उद्योग" असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. ह्यांचं नाव गावात रोज दोनदा फिरतं. तुला यातही खोट दिसेल. नाकानं कांदे सोलणाऱ्याला काय सगळंच झोंबतं.

टँकर आला की बाया कशा धावतात ते तू बघायला हवं होतंस. सगळ्यांत पुढे छबूबाई, आपल्या कानिफनाथाची भावजय, आसारामची बायको. तीन लेकरांची आई, पण जीभ अशी की टँकरवाल्याची फिरकी घेतल्याशिवाय घागर लावत नाही. परवा मला म्हणाली, बाई, तुमचा टँकर नवरीवानी येतो, उशीर करून आन् नटूनथटून. मी पोट धरून हसले. ह्यांच्या माघारी इतकी पहिल्यांदाच हसले असेन.

आणि बरं का, नगरात उद्योजक मंडळींनी माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला लावले. "कारखानदाराने समाजाला काय द्यावे" असा विषय. मी म्हटलं, कारखानदार जिथे राहतो तिथलंच खातो, तिथलंच पितो. तेव्हा शेजाऱ्याच्या घरात चूल पेटली का हे बघणं हा उपकार नव्हे, ते देणं आहे. टाळ्या थांबेनात. "तिथलंच पितो" म्हणताना तुझं कार्ड आठवलं आणि पुढचं वाक्य विसरले. लोकांना वाटलं ह्यांच्या आठवणीनं कंठ दाटला. एकानं उठून पाणी दिलं.

माझी आणखी एक योजना आहे. गावची विहीर पंधरा फूट खोल करायची. सुरुंग, दगड वर काढायचं यंत्र, लागेल ते सामान आपल्याकडून, मेहनत गावाची. आबासाहेबांना सांगितलं तर म्हातारा उठून हात जोडायला लागला. आसाराम सगळ्यांच्या आधी म्हणाला की मी उतरतो. त्याची तीन एकर कोरडी पडलीय, हाताला काम नाही, आणि विहिरीतलं काम त्याच्या बापानं केलेलं आहे.

आता तरी तुझं समाधान होईल. त्यांची विहीर खोल झाली तर पंप आणि विहीर दोन्ही सुखानं नांदतील. नांदतील की नाही? तू इंजिनियर आहेस, तू सांग. नऊपेक्षा जास्त शब्दांत.

इंदूताई

*

खळवाडी
६ एप्रिल १९७३

चि. रविकांत,

नव्या वर्षाचे आशीर्वाद. विहिरीचं काय होईल ते तू सांगितलं नाहीस, पण बातमी मीच देते. खळवाडीच्या विहिरीला पाणी लागलं!

अडीच महिने काम चाललं. पाडव्याला सकाळी आसारामनं आत डोकावून आरोळी दिली आणि सगळं गाव विहिरीवर लोटलं. तीन हात पाणी, स्वच्छ, तळाचा दगड दिसत होता. पंधरा फूट पुरे झाले म्हणून दहा वाजता जलपूजन ठरलेलंच होतं. नगरहून साहेब मंडळी आली, शाळेची मुलं लेझीम घेऊन आली.

मी लांब उभी होते. सवाष्णींच्या कामात मी कशाला पुढे होऊ? आबासाहेबांची सून ताट घेऊन निघाली, तर छबूबाई गर्दीतून आली आणि तिनं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, अगं, मला चालत नाही. ती म्हणाली, "पानी तुमी आनलं. पूजा तुमीच करायची. ज्याला चालत नसंल त्यानं पिऊ नये." सगळ्यांसमोर. आबासाहेबांच्या सुनेनं ताट माझ्या हातात दिलं. मी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, रवि. साडेतीन वर्षांनी माझ्या बोटांना कुंकू लागलं. छबूबाईनं पहिली घागर काढली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी ते प्यायले.

पंपाचं जरा काम निघालं होतं म्हणून मंगळवार-बुधवार बंद ठेवला होता. काल सुरू झाला.

माझं नाव पेपरात आलंय. कात्रण सोबत पाठवत नाही, तुला आवडणार नाही.

इंदूताई

*

खळवाडी
२८ एप्रिल १९७३

रवि,

आसाराम गेला. गेल्या शनिवारी, विहिरीत.

पाडव्यानंतर तीन दिवसांत पाणी उतरलं. गावानं तसा फार घोर केला नाही. लोक म्हणाले, झरा दिसलाय, वाटेत धोंडा आडवा आलाय. एक-दोन सुरुंग आणखी लावले की मोकळा होईल. पाणी दिसलंच नसतं तर त्यांनी पाडव्यालाच नाद सोडून दिला असता. आबासाहेबांच्या मनात तसंच होतं, म्हणत होते की बाईंचा टँकर आहे, पावसाळ्यापर्यंत भागेल. पण आसाराम म्हणे, पानी डोळ्यानं बघितलंय, आता सोडायचं न्हाई. पंधराच्या खाली आणखी सहा फूट गेले. शनिवारी सुरुंग उडाल्यावर तो सगळ्यांच्या आधी उतरला. कडेची दरड सैल झाली होती. ती खाली आली तेव्हा वरची माणसं दोर धरून उभी होती, आणि दोर एकदम हलका झाला म्हणतात.

सुरुंगाची दारू माझ्याकडूनच जात होती. दुसऱ्यांदा मागायला आसारामच आला होता. मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं की का, ते सांगावं लागलं असतं.

मी तुला पत्रात खोटं लिहिलं. पाडव्याला पंपाचं काही काम निघालं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी मी कानिफनाथाला म्हटलं, पंपाचा आवाज वेगळा येतोय, दोन दिवस बंद ठेव. तो म्हणाला, बाई, आवाज तर ठीक हाय. मी म्हटलं, मी सांगते ना.

तू विचारशील का. एक कारण असं की साहेब येणार, मुलं येणार, आणि सबंध गावासमोर पूजा कोरड्या दगडाची? माझी लाज, गावाची निराशा, दोन्ही टळावं असं वाटलं. हे कारण मी स्वतःला सांगत होते. दुसरं कारण तुला सांगते. मला बघायचं होतं तुझी दोरी खरी बोलते की खोटी. दसऱ्यापासून तो कागद कपाटात होता आणि कपाट उघडताना दर वेळी मी त्याच्यावर दुसरे कागद सारायची. वाटलं, एकदा बघून टाकू. पाणी नाही चढलं तर तू खोटा, मी मोकळी.

पाडव्याच्या सकाळी मी तीन हात पाणी पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, रवि. शंकेला जागाच राहिली नाही. त्याच पाण्याची मी पूजा केली, तेच ओंजळीनं प्यायले, आणि गुरुवारी सकाळी कानिफनाथाला म्हटलं, सुरू कर.

पुण्याची मोठी मागणी द्यायची होती. चौसष्ट माणसं होती. ह्यांना दिलेला शब्द होता. सगळं खरं आहे. गावाला फक्त एक गोष्ट सांगायची होती, की खोल जाऊ नका, खाली काही नाही. तेवढंही मी सांगितलं नाही.

प्रेत वर काढायला संध्याकाळ झाली. मी गेले होते. छबूबाई रडत नव्हती. माझ्याकडे आली आणि मला जवळ घेतलं. तिनं मला.

इंदू

*

खळवाडी
१७ मे १९७३

रवि,

तुझं पत्र आलं. चार पानं लिहिलीस आणि एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाहीस. म्हटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर छबूबाई कारखान्यात आली होती. मला वाटलं, काम मागायला आली. मी आधीच ठरवलं होतं, तिला रद्दी निवडण्यावर घ्यायचं. पण ती मागायला आली नव्हती, माझे आभार मानायला आली होती. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "डोळ्यानं पानी बघून गेला, बाई. तेवढं सुख तुमच्यामुळं मिळालं त्याला." मी समोर बसून ऐकलं. पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही.

कानिफनाथाचं निराळंच झालंय. पंधरा दिवस तो मुकाट कामावर येत होता. सोमवारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, बाई, एक इचारू? पाडव्याला पानी चढलं त्या दोन दिसांत पंप बंद हुता. गुरवारी मी चालू केला आन् पानी उतरलं. हे कसं काय? मी म्हटलं, योगायोग असेल. त्यानं टोपी घातली. मग म्हणाला, "बटन मीच दाबलं. भावाचं पाप माज्याच हातून झालं म्हना की."

मी नाही म्हटलं. तेवढंच म्हटलं, आणि काम आहे असं दाखवून आत गेले.

मंगळवारपासून तो आला नाही. आबासाहेबांनी सांगितलं, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसून असतो, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. वहिनीनं भाकरी नेली तर तोंड फिरवलं. घरातला एक गेला, दुसराही वाटेला लागलाय असं म्हातारा म्हणाला आणि मला विचारलं, तुमचं ऐकतो तो, तुमी समजावता का?

मी त्याला समजावणार? त्याच्या उरावर जे आहे ते माझं आहे. मी बोलले तर तो सुटतो आणि कारखाना बुडतो. गप्प बसले तर कारखाना चालतो आणि त्या मुलाचं काय होईल ते दिसतंच आहे. ह्यांना विचारायची सोय नाही, तुला विचारायला तोंड नाही. तुझी दोरी इथे दाराच्या मागे अजून टांगलेली आहे. मी ती खुंटीवरून काढलेली नाही.

रविवारी गावाची सभा बोलवायला मी आबासाहेबांना सांगितलंय. विषय काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विहिरीचा. ते म्हणाले, आता आनी विहिरीचं काय राह्यलंय, बाई?

इंदू

*

खळवाडी
९ जून १९७३

रवि,

सभा झाली. त्यानंतर तीन आठवडे तुला लिहायला बसत होते आणि उठत होते. आज लिहून टाकते.

मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव होतं. खुर्ची दिली होती, मी बसले नाही. तुझा कागद घेऊन गेले होते. तो वाचला. आकडे कुणाला फारसे कळले नसतील म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. जमिनीखालचं पाणी एकच आहे. माझी बोअर खोल, तुमची विहीर वर, म्हणून तुमचं पाणी माझ्याकडे येतं. तेच मी टँकरमधून तुम्हाला देत होते. पाडव्याला पाणी आलं कारण मी पंप बंद ठेवायला लावला. ते गेलं कारण मी सुरू करायला लावला. कानिफनाथाला काही माहीत नव्हतं, त्यानं फक्त माझं ऐकलं. सगळं एका दमात बोलले. उद्योजकांसमोर बोलताना मला कागद लागला नव्हता. इथे तो शेवटपर्यंत दोन्ही हातांनी धरून होते.

कुणी आरडाओरडा केला नाही. मला त्याचीच भीती होती, आणि तो झाला असता तर सोसलाही असता. मग आबासाहेबांनी विचारलं, "हे तुमाला कळलं कवा?"

मी खोटं बोलू शकले असते. आत्ताच कळलं, भावानं पत्र लिहिलं, असं म्हटलं असतं तर गावानं मानलं असतं. माझं गावात तेवढं वजन होतं.

मी म्हटलं, दसऱ्याला.

म्हातारा बोटं मोजायला लागला. दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा. मोजून झाल्यावर म्हणाला, "म्हंजी आसाराम उतरायच्या लई आधी." मग आबासाहेब उठले आणि घरी गेले. त्यांच्यामागून एकेक माणूस उठला. पाच मिनिटांत देवळासमोर मी आणि ओट्यावरचा कानिफनाथ, दोघंच उरलो. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, तुझा दोष नाही. त्यानं मान डोलावली. त्याच संध्याकाळी तो घरी जेवला, असं मागाहून कळलं. माझ्याकडे तो आता येत नाही, आणि त्यानं यावं असं मी म्हणतही नाही.

पंप दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. कारखानाही. सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. नगरचे कामगार भडकले; एक जण म्हणाला, गावच्या विहिरीपायी आमच्या पोटावर पाय का? खळवाडीचे लोक आपापले डबे घेऊन निघून गेले. आता ते खडी फोडायच्या कामावर जातात. पाऊस चांगला झाला तर दिवसाआड, तोही अर्धाच वेळ पंप चालवायचा आणि रोज विहिरीत दोरी सोडून मगच चालवायचा, असं मी आबासाहेबांना लिहून दिलंय. त्यांनी कागद घेतला, वाचला नाही. ह्यांचा शब्द मी मोडला. कधी वाटतं, ह्यांनी हाच शब्द मागितला होता आणि मी ऐकताना अर्धाच ऐकला. पण आता मेलेल्या माणसाकडून पावती कशी घेणार?

विहिरीला चौथ्या दिवशी पाणी आलं. तीन हात, मग पाच, आता सात हात आहे. आणि कुणी भरत नव्हतं. माणूस गेलेली विहीर, शांत केल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, असं काही जण म्हणाले. भटजींना बोलवून तेही झालं, तरी कुणी पुढे होईना. टँकर मी पाठवत होते, टाकीतलं उरलेलं पाणी होतं ते. तो दोन्ही वेळा भरलेला परत यायचा. बाया पुन्हा दीड कोस जायला लागल्या, भर ज्येष्ठात. सात हात पाणी असताना. मला वाटायचं, मला शिव्या द्या, दगड मारा, पण पाणी तेवढं प्या.

परवा सकाळी मी विहिरीवर गेले होते. का, ते मलाही माहीत नाही, रोज जाते. छबूबाई आली. एकटीच, घागर आणि दोर घेऊन. मला पाहिलं, पण थबकली नाही. सभेनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. तिनं दोर सोडला, घागर बुडाल्याचा आवाज आला. ओढताना घागर काठाला अडली म्हणून मी दोराला हात लावायला गेले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

मी मागे सरले. तिनं घागर काठावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "पान्यावर राग धरून लेकरं जगत्याल का, बाई? पानी मी भरनार. राग तुमच्यावर हाय. तो मरस्तवर ऱ्हानार."

मी बरं म्हटलं.

ती घागर कमरेवर घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत आणखी सहा-सात बाया आल्या, काल निम्मं गाव आलं. मी दुरून बघते. त्या आपसात बोलतात, हसतातही. मी पुढे झाले की गप्प होतात, म्हणून मी पुढे होत नाही.

इंदू